घळीच्या दोन काठांवर

"अहो... थांबा! घळीत उतरू नका!"

ओदिलियानं डोक्यावरची टोपली सावरत वळून पाहिलं. दरडीवर वॉकीटॉकी घेऊन एक तरुण बसला होता. केसांवर राख, पापण्यांवर राख. आठवडाभर फुएगो ज्वालामुखी धुमसत होता. भर दुपारीही सूर्य विझल्यासारखा दिसत होता.

"पलीकडे कॉफीच्या मळ्यात माझा भाऊ उपाशी आहे. तुम्ही कोण अडवणारे?"

"एलिसेओ. पहाऱ्यावर आहे. वर पाऊस लागलाय. गरम चिखलाचा लोंढा कधीही येईल."

"आणि टोपलीतले मक्याचे तामाल गार होतील त्याचं काय?"

"मला द्या की... वाया नाही जाऊ देणार."

तिला हसू आलं. त्यानं ते पाहिलं आणि उगाचच वॉकीटॉकीची बटणं चाचपली.

तेवढ्यात पायांखालची जमीन थरथरली. वॉकीटॉकीत कुणीतरी ओरडलं, "सुटलाय! घळ सोडा!"

आणि समोरून, जेवणाची वाट पाहून कंटाळलेला तिचा भाऊ निकासियो घळीत उतरत होता.

"निकासियो, मागे फिर!" तिची हाक त्या गडगडाटात बुडाली. एलिसेओनं वॉकीटॉकी तिच्या हातात कोंबला आणि खाली उडी घेतली. गोटे तुडवत त्यानं घळ ओलांडली, निकासियोची कॉलर धरली, दोघं पलीकडची दरड चढू लागले...

मग काहीच दिसेना. घराएवढे धोंडे घेऊन काळा चिखल उसळत गेला. गंधकाच्या वाफेनं तिचा घसा जळत होता. ती नावं घेत राहिली. आधी भावाचं. मग... दुसरंही. तासाभरापूर्वी ते नाव तिला ठाऊकही नव्हतं.

कितीतरी वेळानं वाफ विरळ झाली. पलीकडे राखेचे दोन पुतळे उभे होते. त्यांतला एक लंगडत पुढे आला. तिचं नाव त्याला निकासियोनंच सांगितलं असावं.

"ओदिलिया! तुमचा भाऊ सुखरूप आहे!"

 ती मटकन खाली बसली. हसावं की रडावं कळेना. मग हातांचा कर्णा करून ओरडली, "तुमचं... लग्न झालंय का?"

पलीकडे एलिसेओनं दोन्ही हात उंचावले.

"नाही!"

"ओदि, मी पण इथेच आहे गं!" निकासियो ओरडला.

"मग वरच्या पुलावरून फिरून या. मी थांबते."

त्या वाटेनं तीन तास लागतात. लंगडणाऱ्या माणसाला जास्तच. एलिसेओ चालायलाही लागला होता.