आठ हात लांब, सहा हात रुंद

तामिरात, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यात मी वीस वर्षं तखमीने केले. तखमीना म्हणजे कामाला माल किती लागेल त्याचा आधीच बांधलेला अंदाज. सराई असो की पूल, माझ्या अंदाजातली एक फळी कधी उरली नाही की कमी पडली नाही. त्यामुळे १३४८ फसलीत, म्हणजे इंग्रजी १९३९ साली, बेगमपुऱ्यातल्या आमच्या घराच्या परसात एक खोली बांधायची ठरली, तेव्हा लाकडाची चिंता मला नव्हती. चिंता कालिंदीची होती.

कालिंदी, माझी बायको, वर्षभर गंगापूरला माहेरी जाऊन बसली होती. बारा वर्षांपूर्वी आमची गोदू तापानं गेली. पाच वर्षांची होती. त्याच उन्हाळ्यात मी तिला हौदाशेजारी तिचं स्वतःचं छोटं घर बांधून देणार होतो. ते राहिलं ते राहिलंच. शेवटी कालिंदीनं भावाच्या हाती निरोप धाडला, "लेकराला कबूल केलेलं घर तुम्ही स्वतः बांधा. तिच्या हातानं मोजून. मग येते." ती नसलेल्या घरात मला चहासुद्धा गोड लागत नव्हता. मी रजा टाकली.

तिच्या हातानं मोजून, म्हणजे काय ते सांगतो. रहीम सुताराच्या घराण्यात एक रीत होती. ज्याचं घर असेल त्याच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मापाची एक काठी कापायची आणि सगळी मोजणी त्या काठीनं करायची. गोदूची काठी त्यानं तेव्हाच कापली होती. गुदगुल्या होतात म्हणून तिनं तीनदा हात मागं घेतला होता. सागाची ती काठी फडताळात फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. सोबत जुना कागद, माझ्याच अक्षरातला. लांबी आठ हात, रुंदी सहा, दार चार हात उंच. गोदूचा हात अकरा इंच.

मी काठीला पट्टी लावली. तेरा इंच भरली.

अक्षर माझं, तेव्हा चूकही माझीच असणार. तेरा धरून तखमीना केला. खांब, तुळया, कड्या, फळ्या. चौथ्या दिवशी छावणीजवळच्या वखारीतून गाडी आली. दुपारी मी खुणा करायला घेतल्या. नहरीचं पाणी हौदात पडत होतं आणि त्या आवाजानं उभ्या उभ्या डोळे मिटत होते. काठी आठदा टाकली, तर तुळई वीतभर तोकडी.

काठीला पुन्हा पट्टी लावली. चौदा.

रहीमला बोलावलं. म्हातारा हौदाच्या काठावर बसून काठी बराच वेळ बोटांनी चाचपत राहिला.

"माझीच हाय, साहेब. ही खूण माझी."

"मग वाढली कशी?"

"लाकूड सुकलं की आखडतंय. वाढत नाय कधी." त्यानं काठी हळूच फडक्यावर ठेवली. झोपलेलं मूल ठेवतात तशी. "फुटानं मोजा, साहेब. हिला ठेवून द्या जिथं व्हती तिथं."

फुटानं मोजणं सोपं होतं. पण कालिंदीनं विचारलं असतं, आणि तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही.

मी भिंतीवर काठीएवढी पेन्सिलची रेघ मारली. सकाळी काठी रेघेच्या पुढं होती. दुसरा तखमीना केला, मग तिसरा. तिसऱ्या गाडीला वखारवाला म्हणाला, "व्यंकटराव, खोली बांधायलाव का दिवाणखाना?" तामिरातीतल्या माणसाला याहून झोंबणारं काय असेल! पण मला राग आला नाही. रोज चहाच्या आधी मी काठी मोजायचो, आणि पाव इंच वाढलेली दिसली की जिवाला फार बरं वाटायचं.

साडेसोळावर ती थांबली.

आठ दिवस वाट पाहिली. साडेसोळाच. मग मी एकट्यानं खोली उभी केली. रहीम काही पुन्हा फिरकला नाही. पोरीसाठी बेतलेल्या चार हातांच्या दारातून मी टोपी काढून, न वाकता आत गेलो. एकही फळी उरली नाही.

कालिंदी लासूर स्टेशनवरून गाडीनं आली. टांग्यातून उतरली ती थेट परसात. खोली झाल्याचा निरोप मी धाडला होता, काठीचं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं काठी उचलली आणि आपल्या हातावर धरली, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत.

"माझ्याएवढी झाली," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. ती रडली नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही खोलीत बसलो, मग काठी भिंतीला टेकवून, दाराला बाहेरून कडी घालून घरात आलो.

सकाळी तिची हाक आली.

बाहेरची कडी रात्रभर तशीच होती, सकाळी तिनंच काढली. काठी भिंतीला टेकून होती.

तिच्या शेजारी दुसरी काठी होती. ताजी कापलेली. टोकाला भुसा होता. रहीमची खूण नव्हती.

मी पट्टी लावली. साडेपाच इंच.

कालिंदीनं ती पदरात घेतली.

"पाळण्याला लाकूड किती लागंल हो?"

मी पेन्सिल काढली. नव्या काठीनं लांबी पाच हात, रुंदी तीन. आणि या खेपेला वाढ धरूनच लाकूड मांडलं.