एकवीस नंबरचा बिल्ला

आमच्या दैनिकात एक जुना नियम आहे. वेळ, पत्ता किंवा फोन नंबर छापायचा असेल तर आधी स्वतः फोन करायचा, आणि समोरच्याने जे सांगितलं ते त्यालाच पुन्हा वाचून दाखवायचं. तो 'बरोबर' म्हणाला की मगच मजकूर पुढे द्यायचा. सतरा वर्षं मी हेच करते आहे.

त्या मंगळवारी रविवारच्या पुरवणीसाठी माझ्या वाट्याला अभयारण्य आलं. शहरापासून बेचाळीस किलोमीटर. गुरुवारी जाऊन यायचं, सातशे शब्द आणि दोन फोटो द्यायचे. मी चौकशी कार्यालयाला फोन लावला. तिसऱ्या घंटीला एका वयस्क, अजिबात घाई नसलेल्या कारकुनाने उचलला. त्याच्यामागे धातूचं काहीतरी हलकेच एकमेकांवर आपटत होतं, वाऱ्यावर हलल्यासारखं.

"सकाळी आठ ते दुपारी चार. सोमवारी बंद," तो म्हणाला. "आत जाताना प्रत्येकाला एक पितळी बिल्ला देतो. परत आलं की तो फळीवरच्या आपापल्या खुंटीला अडकवायचा. चार वाजता आम्ही बिल्ले मोजतो."

"माणसं नाही मोजत?"

"माणसं हलतात हो. बिल्ले कसे, गप्प असतात."

मी सगळं वाचून दाखवलं. तो दर वाक्याला 'बरोबर' म्हणाला.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

"तिकडे कशाला? सहलीला दुसऱ्या जागा नाहीत?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उघड्या दारावर दोनदा टकटक झाली. "या," आई म्हणाली, आणि बाबा आत आले.

हे टकटक करणं सात वर्षांपासूनचं. त्याआधीचे बाबा दार वाजवणाऱ्यांतले नव्हते. बेलवर एकदा बोट ठेवलं की दार उघडेपर्यंत ते उचलायचे नाहीत. मग उशीर का झाला यावर अर्धा तास बोलायचे. जेवताना भाजी खारट लागली तर ताट भिंतीवर. माझ्या कामाला ते 'वेळापत्रकं छापणं' म्हणायचे. मग एके दिवशी पक्षी बघायला म्हणून ते याच अभयारण्यात गेले, रात्री परतले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत घरी आले. वाट चुकली, एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा चहात साखर मागितली. त्यानंतर त्यांचा आवाज चढलेला आम्ही ऐकला नाही. चष्मा सुटला. डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं असं. माझा स्तंभ ते रोज कापून वहीत चिकटवू लागले. आणि घरातल्या कुठल्याही खोलीत जाताना ते दारावर टकटक करून, कुणीतरी 'या' म्हणेपर्यंत, बाहेर थांबू लागले.

आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर आम्ही दोघी सुखात होतो.

"कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. ते स्टुलावर बसले आणि आईच्या पुढ्यातली एक शेंग उचलून सोलू लागले.

"आत जाऊ नकोस," ते म्हणाले. "बाहेरूनच लिही. तू छान लिहितेस."

जेवणानंतर मी माळ्यावरून बाबांची जुनी पाठपिशवी काढली. मला दुर्बीण हवी होती. दुर्बीण नव्हती, तळाशी गाठ मारलेला रुमाल होता. त्यात रुपयाहून मोठा एक पितळी बिल्ला, त्यावर कोरलेला आकडा: २१.

"ठेव तो होता तिथे," आई मागून म्हणाली.

"आई, सरकारी वस्तू आहे. सात वर्षं आपण चोरीचा माल सांभाळतोय."

"सात वर्षं कुणाचं काही अडलं?"

"पण बाबांनी तो दिला का नाही? मी विचारते त्या कारकुनाला."

"काही गोष्टी विचारायच्या नसतात. एवढंही तुमच्या पेपरात शिकवत नाहीत?"

मी रुमालाला पुन्हा गाठ मारली आणि तो माझ्या पर्समध्ये टाकला. ज्याचं उत्तर एका फोनवर मिळतं, तो प्रश्न तसाच ठेवून मला झोप लागत नाही.

बुधवारी दहा वाजता ऑफिसातून फोन लावला. तोच आवाज, मागे तीच किणकिण.

"एकवीस?" कारकून म्हणाला. "एकवीस नंबर आत आहेत."

"आत कसे? बिल्ला माझ्याकडे आहे."

"म्हणूनच. बिल्ला बाहेर, तर माणूस आत. सात वर्षं रोज मोजतोय, बाई. रोज एक कमी."

"ते माझे वडील आहेत. घरी आहेत. आत्ता पेपर वाचत बसले असतील."

"असतील," तो म्हणाला. वाद घालायच्या सुरात नाही. "आम्ही तलावाजवळच्या मचाणावर डबा ठेवतो. संध्याकाळी रिकामा मिळतो. चहात चुकून साखर पडली, तर मात्र तसाच परत येतो."

मी हसले. हसल्यावर लक्षात आलं की तो हसत नव्हता.

"लिहून घेऊ का मग?" त्याने विचारलं. "बिल्ला क्रमांक एकवीस, परत मिळाला."

माझ्या हातात पेन होतं, समोर कागद होता. सतरा वर्षांची सवय.

"बिल्ला क्रमांक एकवीस, परत मिळाला," मी वाचून दाखवलं. "बरोबर?"

"बरोबर," तो म्हणाला, आणि मागची किणकिण थांबली.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसातूनच निघायच्या बेतात होते. बसची वेळ, पाण्याची बाटली, कॅमेऱ्याची बॅटरी, सगळं तपासून झालं होतं. टेबलावरचा माझा फोन वाजला. त्या कार्यालयाला मी माझा नंबर दिलेला नव्हता.

"आता यायची गरज नाही," कारकून म्हणाला. त्याचा आवाज हलका झाला होता, सुट्टी मिळालेल्या माणसासारखा. "काल चारच्या आत बाहेर आले. मी बिल्ला खुंटीला अडकवला. जरा तापट आहेत हो तुमचे वडील. पहिला प्रश्न काय, तर इतका उशीर का?"

मी पर्स उघडली. रुमालाची गाठ मी मारली होती तशीच होती. गाठ सोडली. आत काही नव्हतं.

"कुठे आहेत ते?"

"निघाले. गाडी बोलावतो म्हटलं तर माझ्यावरच ओरडले. वाट ठाऊक आहे म्हणाले. रात्री कुठेतरी थांबतील, आज संध्याकाळी पोचतील." मग त्याने विचारलं, "वाचून दाखवायचंय?"

मी फोन ठेवला.

दिवसभर मी इतर मजकूर तपासला. एकही चूक सापडली नाही. हा कुणाचा तरी चेष्टेचा प्रकार आहे, असं तीनदा स्वतःला सांगितलं. चार वाजता रिक्षा करून घरी आले.

बाबा बाहेरच्या खोलीत बसून माझा कालचा स्तंभ कापत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी कात्री खाली ठेवली. आई गॅसपाशी होती.

"तू फोन केलास," ती म्हणाली.

"खात्री करायची होती."

"झाली?"

मी रिकामा रुमाल ओट्यावर ठेवला.

तिने फडताळातून कप काढले. एक तिचा, एक माझा, एक बाबांचा. मग आणखी एक काढला. तीन कपांत साखर घातली. चौथ्यात नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली.

वाजतच राहिली.

आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होतो. कुणी हललं नाही.

बाबा उठले. कापलेला स्तंभ त्यांनी वहीत ठेवला, वही माझ्या हातात दिली आणि घराच्या मुख्य दारापाशी गेले. कडीला हात लावला नाही.

आतून, आपल्याच घराच्या दारावर, त्यांनी दोनदा टकटक केली आणि वाट पाहत उभे राहिले.

बेल थांबली.

मग बाहेरून, बाबांच्याच आवाजात, कुणीतरी म्हणालं, "ये."