एका समजूतदार मुलाचं मेंदूवय

"मेंदूवय एकोणीस," तांबोळी वकिलांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. "ताई, शार्दूल आता कायद्याच्या हिशेबात मूल नाही."

ऋतुजा कानडे उभीच होती. बाल न्याय मंडळाच्या व्हरांड्यातल्या त्या टेबलापाशी खुर्ची होती, पण बसलं तर हे खरं ठरेल असं तिला वाटत होतं.

"अहो, पंधराचा आहे तो. नववीत आहे. जन्मदाखला आणलाय मी."

"जन्मदाखला आता वाढदिवसापुरता, ताई."

जन्मतारखेवरून बालपण ठरवणं बंद होऊन काही वर्षं झाली होती. कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या भागात, संदेश वाहून नेणाऱ्या सूक्ष्म तारा असतात. वायरीवर प्लास्टिक असावं तसं त्यांच्यावर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं वेष्टण हळूहळू चढत जातं. ते पुरेसं चढलं की माणूस हात उगारण्याआधी थांबू शकतो, पुढचा विचार करू शकतो. हे वेष्टण मोजणारं यंत्र निघालं, आणि त्या मोजमापाचं नाव पडलं मेंदूवय. ते अठराच्या खाली आलं तर मंडळापुढे सुनावणी, सरकारी खर्चानं वकील आणि सुधारण्याची संधी. वर आलं, तर मोठ्यांचं कोर्ट आणि मोठ्यांचाच तुरुंग.

"मग आता तुम्ही काय करणार?"

"मी बालकांचा वकील. आजपासून मी त्याचा कुणीच नाही." तांबोळींनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाहेरचा वकील बघा."

चाचणी ठरली तेव्हाच तिनं बघितले होते. एकानं फोनवरच सांगितलं होतं, मेंदूवयाचा दाखला कोर्टात आजवर कुणी खोडून काढलेला नाही. दुसऱ्यानं तर विचारलं, "बाई, मुलाला इतकं शहाणं केलंत कशाला?"

घडलं ते एवढंच. वरच्या मजल्यावरच्या मुलानं जिन्यात मिहिकाला, शार्दूलच्या धाकट्या बहिणीला, मेलेल्या बापावरून चिडवलं. शार्दूलनं त्याला ढकललं. त्याचं डोकं कठड्यावर आपटलं आणि तो अजून बेशुद्ध होता. शार्दूल पळाला नाही. अंगातला शर्ट काढून त्यानं जखमेवर दाबून धरला, रुग्णवाहिका बोलावली, पोलिसांना म्हणाला, "मी ढकललं."

"घाबरून पळाला असता तर?" ऋतुजानं विचारलं.

"तर लहान ठरायला सोपं गेलं असतं."

त्या प्रकारानंतर मंडळाचे परिवीक्षा अधिकारी घरची चौकशी करायला आले होते. तेव्हा ऋतुजानं कुठल्याही आईनं केलं असतं तेच केलं. घर आवरलं, पोहे केले, आणि स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर करावं तसं मुलाचं कौतुक केलं. हे गेल्यापासून घर तोच सांभाळतो हो. मिहिकाची वेणी, डबा, लाइटचं बिल, सगळं. चहासुद्धा त्यानंच केलाय, बघा. शार्दूल ट्रे घेऊन आला, अधिकाऱ्यांना "साखर किती?" म्हणून विचारलं. अधिकारी हसले, चहा संपवला आणि ऑफिसात जाऊन मेंदूवयाच्या चाचणीची शिफारस केली. तेव्हापासून शार्दूल मुलांच्या निरीक्षणगृहात होता; मोठ्यांच्या कोर्टात खटला उभा राहीपर्यंत तिथंच राहणार होता.

"एक दार आहे," तांबोळी खालच्या आवाजात म्हणाले. "तीन महिन्यांनी एकदा फेरचाचणी मागता येते. अर्ज मी लिहून देतो, सही तुमची. पण आकडा खाली येणार कसा, ते मला विचारू नका. निटुरे मॅडमना विचारा. यंत्र त्यांचंच."

डॉ. माधवी निटुरे लातुरातच, स्वतःच्या प्रयोगशाळेत भेटल्या. मुलाचा आलेख त्यांनी बराच वेळ बघितला.

"यंत्र चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मॅडम, नववीतला मुलगा एकोणीस वर्षांचा कसा होईल?"

"जी वाट रोज तुडवली जाते तिथं गवत उगवत नाही, पायवाट पक्की होते. मेंदूचंही तसंच आहे. ज्या तारेतून रोज निर्णय जातात, तिच्यावर वेष्टण लवकर चढतं. या मुलानं रोज निर्णय घेतलेत. घराचे, बहिणीचे."

"म्हणजे माझ्यामुळे."

"मी हे यंत्र पोरांना वाचवायला केलं होतं," डॉ. निटुरे स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "विशीतली पण आतून कोवळी असलेली पोरं तुरुंगात जात होती. ती वाचलीही. पण दुसऱ्या टोकाला कोण उभं असेल, हे मला सुचलंच नाही."

ऋतुजाची नजर आलेखावरून हटेना. "वापरून वेष्टण वाढतं ना? मग न वापरून?"

डॉक्टरांनी आलेख तिच्यापासून दूर ओढला. त्यातच तिला उत्तर मिळालं.

"या वयात उतरू शकतं," त्या शेवटी म्हणाल्या. "एकही निर्णय घ्यायचा नाही. काय खायचं, कधी झोपायचं, काहीच नाही. कुणी सांगेल तेवढंच."

"आणि नंतर परत चढतं?"

"बहुधा."

"बहुधा म्हणजे?"

"म्हणजे मुलांवर असा प्रयोग कुणी केलेला नाही. करूही नये."

"मी प्रयोग करत नाहीये, मॅडम. मी पोरगं सोडवतेय."

निरीक्षणगृहात भेटीच्या खोलीत शार्दूल आला तो एका चिमुरड्याला हाताला धरूनच. "हा बंटी. रात्री घाबरतो, म्हणून माझ्याशेजारी झोपतो. आई, तू जेवतेस ना नीट?"

काळजीवाहकानं बंटीला नेलं. ऋतुजानं मुलाचे दोन्ही हात धरले आणि सगळं समजावून सांगितलं. त्यानं मोठ्या माणसासारखं ऐकून घेतलं, आणि तेच तर तिला बघवत नव्हतं.

"म्हणजे बावळट व्हायचं," तो हसून म्हणाला.

"थोडे दिवस, राजा."

"बंटी रडला तर?"

"रडू दे."

असं वाक्य आपल्या तोंडून येऊ शकतं हे तिला माहीत नव्हतं.

"बरं. पण मिहिकाला बुधवारी सुका डबा दे हं. पीटी असते, भाजी सांडते तिची."

"तेही नको, शार्दूल. ते पण विसर."

त्यानं ऐकलं. आयुष्यभर ऐकत आला होता, तसंच. पहिल्या महिन्यात तो भेटीला आला की डोळ्यांत मिश्कील चमक असायची. चुकीची बटणं लावलेला शर्ट दाखवून तो विचारायचा, "जमतंय ना?" दुसऱ्या महिन्यात बटणं चुकलेलीच होती, पण त्यानं ती दाखवली नाहीत. बंटीबद्दल विचारलं तर म्हणाला, "असेल." ऋतुजाला घरी जाताना रिक्षात हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. तरी पुढच्या भेटीत, त्याच्या तोंडाला लागलेलं वरण तिनं पुसलं नाही. काळजीवाहकाला ते दिसावं, असंच तिला वाटत होतं.

फेरचाचणी झाली. तांबोळी पेढे घेऊन आले. "सोळा! ताई, पोरगा पुन्हा माझा अशील झाला!" वरच्या मजल्यावरचा मुलगाही तोवर शुद्धीवर आला होता. मंडळानं शार्दूलला समज दिली, देखरेखीच्या अटीवर आईच्या ताब्यात दिलं. मंडळातून निघताना तांबोळी ओशाळून म्हणाले, "आणखी दोन आया बाहेर थांबल्यात. तुम्ही काय केलंत, ते विचारतायत."

ऋतुजानं त्यांना सांगितलं. न सांगून कसं चाललं असतं?

घरी आल्यावर तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि दारात आलेल्या शेजारणीशी दोन शब्द बोलायला गेली. परत आली तर शार्दूल ओट्यापाशी उभा होता. दूध पातेल्याच्या काठाशी आलेलं. तो ते टक लावून बघत होता.

"शार्दूल! अरे, गॅस!"

त्यानं मान वळवली. चेहरा शांत. "बंद करू?"

"आता पुरे झालं रे ते नाटक. आलास ना घरी."

"बंद करू का, आई?" त्यानं पुन्हा विचारलं, आणि हात खाली सोडून वाट बघत राहिला.

दूध उतू गेलं. गॅसवर पडून चरचरलं. मिहिका आतल्या खोलीतून धावत आली, स्टूल ओढलं, चढली आणि फडकं घेऊन बटणाकडे हात नेला.

"दादा, सरक! मी करते."

डॉक्टर म्हणाल्या होत्या ती पायवाट ऋतुजाला आठवली, आणि तिनं झेप घेऊन मिहिकाचा हात धरला.

"नको, मिहू," ती म्हणाली. "तू नको करूस. तुला नाही येत."