परवानगी नसलेला पत्ता

जिन्याच्या वळणावर दोघं एकमेकांवर आदळली आणि चित्रकाराच्या कपातला चहा तिच्या बाहीवर सांडला.

"अरेरे… तुम्हालाच शोधत होतो," तो ओशाळून म्हणाला. "माझा मेल परत आलाय."

पुस्तकं काढणाऱ्या त्या कचेरीत मेलचा लिनक्स सर्व्हर ती सांभाळायची, म्हणून सगळे तिला पोस्टमास्तर म्हणत. एका नव्या पुस्तकाचा मजकूर चुकून भलत्याच पत्त्यावर गेला, तेव्हापासून साहेबांचा हुकूम होता: मेल ठरावीक डोमेनवरच, म्हणजे ठरलेल्या संस्थांच्या पत्त्यांवरच जातील, बाकीचे आल्या वाटेनं परत. तसा बंदोबस्त तिनंच केला होता.

"कुठं पाठवायचाय?"

त्यानं एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओचं नाव सांगितलं. ते डोमेन खुलं करणं म्हणजे एका ओळीचं काम! पण तिथल्या एका मैत्रिणीबद्दल 'ती म्हणते', 'तिची चित्रं बघाच तुम्ही' असं त्याचं सुरू झालं… आणि पोस्टमास्तरच्या कपाळावर आठी चढली.

"बघते," ती तुटकपणे म्हणाली.

बघितलं मात्र काहीच नाही. तो रोज तिच्या टेबलाशी येई, तिनं केसांत विसरलेली पेन्सिल हळूच काढून हातात देई – "झालं का हो माझं काम?" त्या बोटांच्या ओझरत्या स्पर्शानं ती सुखावायची, मग ती स्टुडिओवाली आठवून नुसता जळफळाट!

"साहेबांना विचारलंय," ती धडधडीत खोटं सांगायची.

घरी वहिनी म्हणाली, "कपाटाची दारं कुणाच्या नावानं आपटतेस गं?"

आणि एका दुपारी स्टुडिओवाली स्वतःच हजर झाली. उंच, देखणी, वर हसरी…

"काय रे, हो नाही की नाही नाही! तुझी खुर्चीसुद्धा मांडून ठेवलीय. येतोयस ना आमच्याकडे नोकरीला?" तिनं सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.

पोस्टमास्तरनं मान खाली घालून उगाच कीबोर्ड बडवला.

"नाही," चित्रकार हात सोडवत म्हणाला. "तेच लिहिलं होतं, पण मेल बाहेर जाईना. आणि फोनवर तू मला बोलू कुठं देतेस?"

स्टुडिओवाली फणकाऱ्यानं निघून गेली. पोस्टमास्तर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तोंड एवढंसं झालं होतं.

"साहेबांना… मी विचारलंच नव्हतं."

"का?"

"तुम्ही तिला लिहिता, हे… मला बघवत नव्हतं."

"मी का जात नाही, तेही लिहिलं होतं त्यात."

"मी कुणाचे मेल वाचत नाही."

"मग ऐक तरी. तू इथं आहेस म्हणून."

तिचे कान लाल झाले.

"आधी तिला फोन कर," ती कशीबशी म्हणाली. "चूक माझी होती म्हणून सांग."

त्यानं हसत फोन काढला.

"आणि ए – स्पीकरवर लाव."