तुडुमाची तिसरी फाईल

तलावाचं पाणी सोडायचं दार, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. आमच्या एकोडी गावचं तुडूम तीन पिढ्या आमच्याच घरानं उघडलं आणि बंद केलं. मी शाळा दुसरीपर्यंत शिकले, पण कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी कमी गेलं असं कोणी म्हणून दाखवावं.

औंदा सून रेणूनं तिथं मोटर बसवली. तळहाताएवढा बोर्ड, त्याला दोन तारा. एक दाराची, एक पाण्याच्या पातळीची. तसाच दुसरा बोर्ड घरी फळीवर, तिच्या प्रयोगाचा, एकही तार न जोडलेला.

"आई, या बोर्डाले हरेक वस्तू म्हणजे एक फाईल. दाराच्या फाईलमंदी एक लिहिला का दार उघडते, शून्य लिहिला का बंद. पातळीची फाईल वाचली का पाणी किती ते सांगते."

"एक आन शून्य मलेही येते," मी म्हटलं.

पूर्वी तुडूम उघडण्याआधी, दार जिच्या तळाशी असतं त्या विहिरीत तोंड घालून तीन हाका मारायची रीत होती, "निघा बाहेर!" गाळ काढायला कोणी आत उतरलेलं असलं तर. मोटर आली, हाका बंद झाल्या.

धान निसवायला आलं आणि दार आपोआप उघडायला लागलं. रोज दुपारी बरोबर बाराला. तीन दिवसांत तलाव हातभर उतरला. चुलत दीर भोजराज दारात येऊन म्हणाला, "वहिनी, परवा पाणी समितीत तुडूम तुमच्याकडून काढून घेतो."

"पाणी तुझ्याच बांधीत चाललं, आन चोर मी?"

पण खरं सांगते, संशय मला सुनेवरही होता. दुसऱ्या दिवशी तिला लॅपटॉपसकट तलावाच्या पाळीवर बसवलं आणि तिच्या बोटांवर नजर ठेवली.

"तारा दोन," मी म्हटलं, "मंग फायली तीन कशा?"

तिचा चेहरा उतरला. "ही मी नाही बनवली. हरेक फाईलले मालक असते, आई. हिचा मालक कोण, नावच नाही. वाचता येते, लिहू देत नाही." तिनं ती पुसली, बोर्ड बंद करून चालू केला. फाईल परत आली. आत आकडा होता एक.

माझा मुलगा वीरेंद्र तारा पाहायला शिडीनं विहिरीत उतरला.

आकडा झाला दोन.

बाराला तीन मिनिटं होती. रेणू शून्य लिहीत होती, तरी मोटर घुरघुरायला लागली.

मी विहिरीत तोंड घातलं. "निघा बाहेर! निघा बाहेर! निघा बाहेर!"

वीरेंद्र धापा टाकत वर आला. "काहून बोंबलून राहिली, आई?"

आकडा एक.

शिडी पुन्हा करकरली. वर येताना कोणी दिसलं नाही.

आकडा शून्य. मोटर थांबली. बारा वाजून गेले, दार उघडलं नाही. यादीत फायली दोनच उरल्या.

दार पुन्हा आपोआप उघडलं नाही, म्हणून समितीत भोजराज खाली मान घालून बसला. तुडूम आमच्याकडेच राहिलं. मी ताठ मानेनं घरी आले.

रेणू लॅपटॉप घेऊन उभी होती. "आई, फळीवरच्या बोर्डात ते फाईल दिसून राहिली."

"आकडा किती?"

"चार."

घरात आम्ही तिघंच.

मी तीन हाका मारल्या. वीरेंद्र आणि रेणू अंगणात गेले. मी चौकटीच्या आतच उभी राहिले. घर माझं आहे, मी कायले निघू?

"आता सांग," मी ओरडले.

रेणूनं अंगणातूनच लॅपटॉपमध्ये पाहिलं.

"दोन, आई."