पंधरा किलोच्या वर

"हे विमानात जाते काय?"

ट्रॅव्हल्स ऑफिसच्या काउंटरवर धाडकन एक बॅग आली आणि पाठोपाठ हा प्रश्न. डिंपलने मान वर केली. समोर एक उंच, सावळा मुलगा उभा होता. त्याच्या शर्टाच्या बाहीला तांदळाचा कोंडा चिकटला होता.

"तुमी की बॅग?" तिने विचारलं.

तो गोंधळला... मग हसला. आणि तीन वर्षांत एकही नाव न चुकवलेल्या डिंपलने त्याचं आडनाव दोनदा चुकीचं टाइप केलं.

हिमांशु सडक अर्जुनीचा. गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये विक्रीच्या कामाला. हैदराबादच्या व्यापाऱ्यांना तांदळाचे नमुने दाखवायचे, सौदा ठरवायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचं, एवढंच काम. पण विमानात तो कधी बसला नव्हता. बसली डिंपलही नव्हती. तरी ट्रॅव्हल्सच्या त्या एवढ्याशा ऑफिसात बसून तिला सारा प्रवास तोंडपाठ झाला होता. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून दुपारचं एकच विमान, म्हणजे एक रात्र मुक्काम आलाच. खोली विमानतळाजवळ नको, महाग पडते, बाजारालगत घ्या. तिकडे टॅक्सी करू नका, विमानतळाची बस मिळते.

"अन् बॅग पंधरा किलोच्या वर नको," असं म्हणत तिने ती कोपऱ्यातल्या काट्यावर ठेवायला लावली. काटा अठरावर थांबला. "तीन किलो काढा. नाईतर तिथं किलोमागं पैसे घेतात."

त्याने किलो-किलोच्या तीन पिशव्या काढून तिच्यासमोर ठेवल्या. "राहू द्या तुमालेच. भात मस्त मोकळा होते."

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. काटा पुन्हा अठरावर. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच.

"तुमच्या मिलमधी काटा नाई काय?" डिंपलने डोळे बारीक करून विचारलं.

"हाय ना."

"मग तोलत काऊन नाई?"

"तोललं तर..." तो काउंटरच्या काचेवर बोट फिरवत म्हणाला, "इथं कायले येऊ? तिकीट तर फोनवरबी निघते."

डिंपलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने घाईघाईने प्रिंटर सुरू केला, त्यात कागदच नव्हता.

गोंदियालगतच्या मुर्री गावातल्या तिच्या घरी त्या तांदळाचा वास सुटला की तिची आई गंगा मुद्दाम विचारायची, "हा कोन पोट्टा होय वं, हप्त्याच्या हप्त्याले भात पाठवनारा?" लकवा मारल्यापासून खाटेवरच असलेले बाबा, उमराव, अर्ध्या ओठांनी हसायचे. डिंपल ताटात मान घालून जेवायची आणि एक घास जास्तच खायची.

चार महिने असे गेले. एवढं सुख तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ते मोजावं असंही तिला वाटलं नाही.

मग एका सकाळी ऑफिसचे मालक श्यामलाल म्हणाले, "बेटा, एक पार्टी है. हैदराबादच्या महिन्याला चार फेऱ्यांचा खर्च काढून दे, अन् मानूस तिथंच ठेवला तर किती पडते तेबी."

अशा पार्ट्या रोजच येत; ही कोण, हे तिने विचारलं नाही. त्या ऑफिसात अंदाजपत्रक अजून हातानेच लिहीत. तिने मन लावून लिहिलं. तिकीट, खोली, जेवण, ऑटो, सगळं धरून एक फेरी अकरा हजारांना, चार फेऱ्या चव्वेचाळीस. तिथे भाड्याची खोली आठ हजारांत. खाली आपल्या मनाने एक ओळही जोडली : 'माणूस तिथेच ठेवणे परवडेल.' श्यामलालांनी तिची पाठ थोपटली.

दहा दिवसांनी हिमांशु आला. बॅग जुनीच होती, चेहरा मात्र ओळखू येत नव्हता.

"परवाचं एक तिकीट पाह्यजे. जायाचंच."

"अन् यायचं?"

"नाई." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मिलच्या शेठनं तीन वर्षांसाठी तिथं ठेवलं. करारावर सही केली मी."

"मले न सांगता?"

"तुले काय सांगाचं, डिंपल? कागद तर तूच लिहून देल्ला. शेठच्या टेबलावर तुहं अक्षर पाह्यलं. 'परवडेल' म्हनून... मले वाटलं, तूच मले पाठवून राहिली."

"मले माहीतच नव्हतं, ते तुमच्यासाठी होय म्हनून... देवाशपथ नव्हतं!"

त्याने बॅग खाली ठेवली.

"तुले मागणी घालाले येनार होतो मी," तो म्हणाला. "कागद पाह्यला, अन् तोंडच बंद झालं." मग एकदम तिचा हात धरून, "चाल मायासंग."

"बाबाले कोन उठवन-बसवन? मायच्यानं एकटीनं होते काय ते?"

त्याने तिचा हात हळूच काउंटरवर ठेवला. मागे एकदा मुर्रीला येऊन त्याने उमरावांना पाहिलं होतं.

जायच्या दिवशी बिरसीला निघताना वाटेत तो ऑफिसात थांबला. सवयीने बॅग काट्यावर ठेवली. बारा किलो. आत फक्त त्याचे कपडे होते, नमुने नव्हते.

डिंपलने टेबलाखालून तीन पिशव्या काढल्या. शेवटच्या वेळच्या, न फोडलेल्या. आईला तिने त्या शिजवू दिल्या नव्हत्या.

"तिकडचा भात तुमाले गोड नाई लागनार," ती म्हणाली. एकेक पिशवी तिने त्याच्या कपड्यांत नीट दाबून बसवली, चेन लावली, आणि दोघांनीही काट्याकडे पाहिलं.

बरोबर पंधरा. आता तिच्यापाशी ठेवून जायला काहीच जास्तीचं उरलं नव्हतं.