गेरूचा पंजा

शेवटची फेरी म्हणजे तसं पाहणीचंच काम. गाव रिकामं झालेलं असतं, माणसं टेकडीवरच्या शाळेत जाऊन बसलेली असतात, खिचडीचा गंज चुलीवर चढलेला असतो. एकाने डोंगा घेऊन गल्लीगल्लीतून दारं बघत यायचं, बस्स. चिचघाटात हे काम देवाजीकडे होतं. वैनगंगेच्या काठी जन्मलेला ढिवराचा पोर तो, आता साठीला आलेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला तो निघाला तेव्हा डोंग्यात सोबत नीलिमा होती.

नीलिमा एका संस्थेकडून आलेली. पूर यायच्या आधी गावाने काय करायचं आणि ओसरल्यावर पुन्हा कसं उभं राहायचं, हे काठच्या गावांना शिकवत फिरायची. गावाची यादी तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती.

पंजा तिनेच शिकवलेला. वरच्या धरणाची दारं उघडल्याची दवंडी झाली, की घरातली सगळी माणसं बाहेर काढायची, आणि सगळ्यात शेवटी निघणाऱ्याने गेरूत हात बुडवून चौकटीच्या वर उमटवायचा. पंजा दिसला म्हणजे घर रिकामं. डोंग्याने तिथे वेळ घालवायचा नाही, पुढचं दार गाठायचं. न वाचता येणाऱ्यालाही कळेल इतकं सोपं. पण आमच्याकडच्या बायांना कोण सांगणार! दाराला गेरू लावायचा म्हटलं की त्यांच्या अंगात सण संचारतो. दवंडी ऐकली की आधी पंजा उमटवून मोकळ्या. घाईत विसरायला नको म्हणून! आणि माणसं मग निघताहेत आपली सावकाश.

दोन वर्षांपूर्वी रुखमाबाई याच पायी गेली. एकटीच राहायची बिचारी. "सगळ्यायच्या आधी माह्या दाराले पंजा!" म्हणून गल्लीभर मिरवली आणि कोंबड्या टोपल्यात भरायला परत आत शिरली. पाणी चढलं, दार आतून दाबलं गेलं. देवाजी दारावरून गेला तेव्हा आत कोणीतरी खोकललं होतं. त्याने ऐकलं होतं. पण वर पंजा होता, डोंग्यात सहा माणसं होती. 'बकरी खोकलली असंन' म्हणून त्याने बांबू रेटला आणि पुढे गेला.

तिसऱ्या दिवशी ती दारामागेच सापडली.

त्याला कोणी बोल लावला नाही, हेच वाईट झालं. पंजा होता, तू तरी काय करणार गा, असं सगळे म्हणाले. कोणी दोन शिव्या हासडल्या असत्या तर तो रडून मोकळा झाला असता. त्याऐवजी दोन वर्षं घास तोंडाशी नेला की त्याला तो खोकला ऐकू यायचा. या वेळी निघताना त्याने बायकोला सांगितलं होतं, "एकबी माणूस मांगं राह्यला ना, तं हा डोंगा फोडून चुलीत घालतो. मंग मले नदीवर जा म्हणू नोको."

नीलिमानेही यंदा बायांकडून शपथा घेतल्या होत्या. शेवटच्या माणसाशिवाय कोणी गेरूला हात लावायचा नाही. सगळ्या हो म्हणाल्या होत्या. हो म्हणायला काय जातं!

पाणी कमरेच्या वर होतं. पाऊस बारीक, पण आभाळ इतकं खाली आलेलं की भरदुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. चिखलाचा, भिजल्या शेणाचा आणि कुठूनतरी रॉकेलचा वास येत होता. बैलाच्या कपाळावर बांधायचा, पोळ्यासाठी रंगवलेला एक मठाठा घराच्या ओट्याला आपटत होता. देवाजी प्रत्येक दाराशी हाक द्यायचा, "कोनी हाय का गा?" आणि कान लावून थांबायचा. पंजा दिसला की नीलिमा यादीवर खूण करायची.

"झालं, भाऊ," शेवटच्या गल्लीत ती म्हणाली. "एकही दार राहिलं नाही. चला आता, पाणी वाढून राहिलंय."

परतीची वाट रुखमाबाईच्या घरावरून होती. तिच्या मागून घर बंदच होतं, यादीतूनही काढलेलं. देवाजी तिकडे बघणारच नव्हता. पण नीलिमा म्हणाली, "अहो, इथे पंजा कोणी लावला?"

चौकटीच्या वर गेरूचा पंजा होता. ताजा. बोटांवरून लाल ओघळ अजून खाली येत होते.

देवाजीने बांबू रोवला. डोंगा थांबला. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत राहिला.

आणि आत कोणीतरी खोकललं.

"बकरी असेल हो..." नीलिमा म्हणाली. पण तिचाच आवाज तिला पटला नाही.

देवाजीला पळून जावं असं वाटत होतं, खोटं कशाला बोला! पण एकदा तो पुढे गेला होता. आता पुन्हा गेला असता, तर त्याला स्वतःचं तोंड पाण्यातही बघवलं नसतं. त्याने नीलिमाच्या हातात बांबू दिला, पाण्यात उतरला आणि दाराला खांदा लावला.

आत काळोख. ओल्या भिंतींचा आणि गेरूचा दाट वास. माणूस कुठेच नव्हता. पाण्यावर रिकामं टोपलं तेवढं संथपणे फिरत होतं.

"रुखमाबाई..." त्याने कसंबसं म्हटलं.

"थांबला गा या खेपेले..." कानाच्या अगदी जवळून आवाज आला. थकलेला, पण रागाचा नाही. "मी नाई... मांगं जा. दादाजीच्या घरी..."

दादाजीचं घर मागच्या भिंतीला लागूनच होतं. त्याच्या दारावर पंजा होता. देवाजीने तिथे हाक दिली होती, उत्तर आलं नव्हतं. येणार कसं? दादाजीला गेल्या वर्षी लकवा मारला होता, आवाज पार बसलेला.

देवाजी धडपडत गेला. दाराला लाथ घातली. म्हातारा खाटेवर होता. खाट पाण्यावर तरंगत आढ्याकडे निघालेली, पण कलंडलेली नव्हती. चारी बाजूंनी पाणी ओढत असताना ती जागच्या जागी होती.

"अरे बापा... दादाजी!" देवाजीने त्याला लहान लेकरासारखं उचललं. तो रडत होता आणि त्याला ते कळतही नव्हतं.

डोंग्यात आडवा पडल्यावर म्हातारा कुजबुजला, "रुखमाले घे ना... सकाळपासून खाट धरून हाय ते..."

नीलिमाने तोंडावर हात ठेवला.

देवाजी वर चढला आणि डोंगा पाण्यात बराच खाली बसला. ढिवराला डोंग्याचा काठ बघूनच कळतं, आत माणसं किती. तीन माणसांना काठ वीतभर वर राहायला हवा होता. तो चार बोटंही राहिला नव्हता.

"भाऊ, पाणी शिरलंय का आत?"

"नाई."

"मग इतका खाली काऊन..."

"बोलू नोका, मॅडम. मांगं पाहू नोका."

टेकडीपर्यंतची वाट एरवी दहा मिनिटांची. त्या दिवशी ती संपता संपेना. अर्ध्या वाटेवर देवाजी मागे न वळताच बोलू लागला. "माहं चुकलं, बाई. म्या ऐकलं होतं. बकरी नोहती, हे बी मले ठाऊक होतं. मी भेलो होतो... मले माफ कर." मागून फळी करकरली, कोणी बूड सावरून बसावं तशी.

शाळेच्या पायऱ्यांशी दादाजीची सून गोकुळा धावत आली आणि सासऱ्याच्या पायांवर कोसळली. तिला वाटलं होतं नवरा बापाला आणतो, नवरा बैलं घेऊन आधीच वर गेलेला, त्याला वाटलं होतं बायको आणते. पंजा तिने सकाळी सारवतानाच उमटवला होता. पोळ्याचा गेरू कालवलेलाच होता ना! "म्या काय केलं वं माय..." ती कपाळ बडवून घेत होती. चौघांनी म्हाताऱ्याला उचलून वर नेलं. त्यांच्या मागोमाग नीलिमा गेली.

देवाजी डोंग्यात एकटा राहिला. काठाकडे बघितलं. दोन माणसं उतरूनही काठ होता तिथेच होता.

"उतर, बाई," तो हळूच म्हणाला. "शाळा आली. खिचडी शिजली हाय. आता कोनी नाई सोडत तुले."

डोंगा एकदा हलला. पायरीवर ओलं पाऊल उमटलं, मग दुसरं, आणि काठ वर आला. बोटभर, फक्त बोटभर. एका म्हातारीचं वजन उतरलं होतं. बाकीचं उतरलं नव्हतं.

"भाऊ! या वर!" शाळेच्या ओसरीवरून नीलिमाने आवाज दिला. यादी तिने डोक्यावर उंच धरली होती. तिचा रडवेला चेहरा हसत होता. "सगळे आले! सगळे मोजले मी!"

पायऱ्यांशी पाणी संथ होतं, ओढ अजिबात नव्हती. तरी डोंग्याचं तोंड हळूहळू वळलं आणि गावाच्या दिशेला लागलं.

"कोन हाय?" देवाजीने विचारलं. त्याला वळून बघवेना. "आता कोन राह्यलं?"

मागून उत्तर आलं ते बाईचं नव्हतं. घोगरा, परक्या मुलखाचा पुरुषाचा आवाज होता. त्याच्या आडून एक लहान मूल बारीक खोकत होतं.

"त्या साली... आमीबी दार वाजवत होतो, दादा..."

देवाजीने बांबू उचलला. मजुरीला आलेल्या परक्यांची नावं गावाच्या यादीत कधी नव्हतीच. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात चिचघाटातलं एकच माणूस गेलं, असं कागदोपत्री लिहिलेलं आहे. देवाजीच्या आठवणीतही तेवढंच होतं.